हरलो, पण एक गुण मिळाला

२९ मार्च २०२१, सोमवार, धुळवड. ऑन्टारियोत महामारीचे निर्बंध होते, त्यामुळे रंग नाही आणि मंडळाचा कार्यक्रमही नाही. आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या तव्यावर तूप सोडून गरम केल्या आणि आम्ही मायलेकी ताटं घेऊन टीव्हीसमोर बसलो. नदीपलीकडे बफेलोत सेबर्स आणि फिलाडेल्फिया फ्लायर्स यांची आइस हॉकीची मॅच होती. मी शिकायला म्हणून पहिल्यांदा उतरले ती बफेलोत. पुढे नोकरीमुळे सीमा ओलांडून कॅनडात आले. गाव बदललं, देश बदलला, संघ तोच राहिला. एरवी पीस ब्रिज ओलांडला की स्टेडियम फार लांब नाही, पण त्या वर्षी सीमाच बंद होती.

सेबर्सनी त्याआधीच्या सलग १७ सामन्यांत एकही विजय मिळवला नव्हता. १७ मार्चला प्रशिक्षक राल्फ क्रूगर यांना काढून झालं होतं. कर्णधार जॅक आयकल मानेच्या दुखापतीमुळे बाहेर होता. आणि त्या रात्री तीनपैकी दोन सत्रं संपली तेव्हा आम्ही चक्क ३-० ने पुढे होतो. तिसरं सत्र सुरू झालं आणि पायाखालची वाळू सरकायला लागली. एक गोल खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसराही खाल्ला. साठ मिनिटं संपली ती ३-३ वर. जादा वेळेत इव्हान प्रोवोरोवनं गोल मारला आणि सामना ४-३ असा हातचा गेला. अठरावा.

लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं टॅबवर गुणतक्ता उघडला आणि विचारलं, "आई, आपण हरलो ना? मग आपला एक पॉइंट वाढला कसा?"

मी तिला नियम सांगितला. नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) साठ मिनिटांत जिंकलं तर दोन गुण, हरलं तर शून्य. बरोबरी झाली तर पाच मिनिटांचा जादा वेळ, त्यातही निकाल नाही लागला तर शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूनं एकट्यानं गोलरक्षकासमोर जाऊन गोल मारायचा. तिथे जिंकणाऱ्याला दोनच गुण, पण हरणाऱ्यालाही एक. म्हणून तक्त्यात विजय आणि पराभव असे दोन खाने नसून तीन असतात. तिसरा जादा वेळेतल्या पराभवांचा. त्या अठरा सामन्यांची सेबर्सची नोंद ०-१५-३ अशी आहे. कागदोपत्री तिला पराभवांची मालिकासुद्धा म्हणत नाहीत, 'विजयाविना मालिका' म्हणतात, कारण त्यातले तीन पराभव पराभवांच्या खान्यात नाहीतच.

तिचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही.

मॅच संपून दहा मिनिटंही झाली नसतील, बफेलोतल्या मित्राचा फोन आला. मूळचा नागपूरचा, माझ्याच कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढे होता, हॉकी बघायला मला त्यानंच शिकवलं. तो संतापलेला होता. "त्या एका पॉइंटचं काय लोणचं घालू? त्यापेक्षा साफ हरलो असतो तर परवडलं असतं." त्याचं गणित ड्राफ्टचं होतं. एनएचएलमध्ये तळाशी राहिलेल्या संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त असते. बुडायचंच आहे तर नीट बुडू, निदान पुढच्या वर्षी एखादा मोठा पोरगा हाती लागेल, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर फोर्ट एरीचे, म्हणजे पीस ब्रिजच्या कॅनडाकडच्या टोकाच्या गावचे, एक सहकारी भेटले. तीस-चाळीस वर्षं सेबर्सचे भक्त. त्यांचा सूर अगदी उलटा. नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली पोरं कशी लढली बघा, एक गुण तर आणला, इथून वर चढायला सुरुवात. तिथे तिसरा एक जण मध्ये पडला, ३-० वरून सामना घालवणाऱ्यांचं कौतुक कसलं करता म्हणाला. मग तो कॉल कामाचा उरला नाही.

हा वाद मी त्यानंतर कितीतरी वेळा ऐकला आहे आणि त्यात हिरिरीनं भाग घेतला आहे. धडपडणारा संघ जादा वेळेत हरला की चाहत्यांमध्ये तो पेटतोच. एक गुण ही प्रगती की फसवणूक? लढून हरलो की हातातलं घालवलं? बरीच वर्षं मला वाटायचं की हा स्वभावाचा प्रश्न आहे. कुणाला अर्धा पेला भरलेला दिसतो, कुणाला रिकामा. आता तसं वाटत नाही. चाहते एकमेकांशी भांडतात, पण भांडण लावलं आहे ते गुण मोजण्याच्या पद्धतीनं. माप सरळ असतं तर तोच सामना बघून माणसं इतकी उलटसुलट बोलली नसती. माझं मत स्पष्ट आहे. साठ मिनिटांतल्या विजयाला तीन गुण, जादा वेळेतल्या विजयाला दोन, जादा वेळेतल्या पराभवाला एक, साठ मिनिटांतल्या पराभवाला शून्य, अशी पद्धत एनएचएलनं आणायला हवी, आणि चाहत्यांनी तिचा आग्रह धरायला हवा.

आधी हा एक गुण आला कुठून ते बघू, कारण तो काही मूर्खपणातून आलेला नाही. एनएचएलमध्ये पूर्वीही जादा वेळ होता. १९४२ मध्ये युद्धकाळात रेल्वे प्रवासावर निर्बंध आले, संघांना ठरलेल्या गाड्या पकडणं भाग होतं, म्हणून साखळी सामन्यांतला जादा वेळ बंद झाला. तो परत आला थेट १९८३ मध्ये, पाच मिनिटांचा. तेव्हा बरोबरीला दोघांना एकेक गुण मिळत असे आणि जादा वेळेत हरणाऱ्याला काहीच नाही. परिणाम असा झाला की ती पाच मिनिटं दोन्ही संघ जीव मुठीत धरून खेळत. हातात आलेला एक गुण कोण घालवणार? म्हणून १९९९-२००० च्या हंगामापासून ठरलं की साठ मिनिटांअखेर बरोबरी झाली की दोघांचा एकेक गुण पक्का, आता जादा वेळेत मोकळेपणानं खेळा, जिंकणाऱ्याला आणखी एक. त्याच वेळी जादा वेळेत दोन्हीकडे पाचऐवजी चार-चार खेळाडू ठेवले. औषध त्या आजारावर बरोबर होतं.

मग २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक-खेळाडूंच्या वादात रद्द झाला आणि २००५ मध्ये लीग परतली ती शूटआउट घेऊन. बरोबरी कायमची गेली. २०१५ मध्ये जादा वेळेतले खेळाडू तीन-तीन झाले. आता कुठलाच सामना बरोबरीत सुटत नाही. पण बरोबरीच्या भीतीवर दिलेलं औषध तसंच चालू आहे. आणि त्यानं आजार फक्त सरकवला. पूर्वी भीती जादा वेळेत होती, आता ती साठ मिनिटांच्या शेवटच्या दहा मिनिटांत आली आहे.

कुणीही एक मॅच या नजरेनं बघा. तिसऱ्या सत्राची दहाएक मिनिटं उरली आहेत, २-२ आहे. तोवर निळ्या रेषेपाशी धाडस करणारा बचावपटू आता पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, काचेवर आपटून बाहेर काढतो. समोर पास दिसतो, पण मध्येच कुणी अडवला तर, म्हणून तो पास जात नाही. आक्रमक खेळाडू पकच्या मागे दोघे जाण्याऐवजी एकटा जातो, बाकीचे मागे थांबतात. प्रेक्षक जागेवर उभे आहेत आणि बर्फावर वेळ काढणं चाललं आहे. कारण सोपं आहे. सामना साठ मिनिटांत संपला तर दोघांत मिळून दोन गुण वाटले जातात, साठच्या पुढे गेला तर तीन. तो तिसरा गुण कुणाच्या खिशातून येत नाही, हवेतून येतो. दोघांनी मिळून सामना लांबवला तर दोघांचा मिळून फायदा. आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात ते हेच. एका दिवशी पायली चार शेरांची आणि दुसऱ्या दिवशी सहा शेरांची असेल तर त्या बाजारात कोण किती धान्य घेऊन गेलं हे कुणालाच धड सांगता येणार नाही.

आणि ते सांगता येत नाही याचे पुरावे लीगच्याच तक्त्यात आहेत. त्यातले दोन मला पाठ आहेत.

२०१७-१८ चा हंगाम. फ्लोरिडा पँथर्सची नोंद ४४-३०-८, गुण ९६. न्यू जर्सी डेव्हिल्सची नोंद ४४-२९-९, गुण ९७. दोघांनी ८२ पैकी ४४ सामने जिंकले, दोघांनी ३८ हरले. डेव्हिल्सचे नऊ पराभव जादा वेळेतले होते, पँथर्सचे आठ. डेव्हिल्स प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत गेले, पँथर्स घरी बसले. त्याच वर्षी फ्लायर्सनी ४२ सामने जिंकले होते, पँथर्सपेक्षा दोन कमी. पण जादा वेळेतले पराभव १४, त्यामुळे ९८ गुण आणि प्लेऑफमध्ये जागा. दोन विजय जास्त असलेला संघ बाहेर आणि दोन विजय कमी असलेला संघ आत. हे लहान पोराला समजावून दाखवा.

दुसरा पुरावा आमच्या घरचा. २०२२-२३. पुन्हा पँथर्स, आणि या वेळी समोर सेबर्स. फ्लोरिडा ४२-३२-८, गुण ९२. बफेलो ४२-३३-७, गुण ९१. दोघांचे विजय ४२, दोघांचे पराभव ४०. फ्लोरिडाचे आठ पराभव जादा वेळेतले, बफेलोचे सात. एका गुणानं पँथर्सना प्लेऑफची शेवटची जागा मिळाली. पाच वर्षांपूर्वी ज्या खान्यानं त्यांना बाहेर ठेवलं होतं, त्याच खान्यानं या वेळी आत घेतलं. पुढे काय झालं ते हॉकी बघणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. पँथर्सनी पहिल्याच फेरीत बोस्टन ब्रुइन्सना सात सामन्यांत हरवलं, त्या बोस्टनना, ज्यांनी त्या हंगामात ६५ विजय आणि १३५ गुणांचा विक्रम केला होता. मग टोरोंटो. मग कॅरोलिना, ज्यांच्याशी पहिला सामना चौथ्या जादा सत्रापर्यंत गेला आणि मॅथ्यू टकाचकनं तो संपवला. प्लेऑफमध्ये जादा वेळ पूर्ण वीस-वीस मिनिटांच्या सत्रांचा असतो, पाच विरुद्ध पाच, गोल होईपर्यंत. हरणाऱ्याला तिथे काहीही मिळत नाही. पँथर्स थेट स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या अंतिम फेरीपर्यंत पोचले. तिथे त्यांना हरवणाऱ्या वेगसच्या संघात जॅक आयकल होता आणि पँथर्सच्या संघात सॅम राइनहार्ट. २०२१ च्या त्या अठरा सामन्यांच्या वर्षात दोघेही बफेलोत होते. मी ती अंतिम फेरी पूर्ण बघू शकले नाही.

तीन गुणांच्या पद्धतीत त्या वर्षी बफेलो आत आला असता असा माझा दावा नाही. माझ्या संघाला न्याय हवा म्हणून मी हे लिहीत नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्या दोन संघांत खेळून काही फरक निघाला नाही, त्यांच्यात फरक काढताना 'कोण अधिक वेळा उशिरा हरला' हा निकष लावणं ही खेळाशी बेइमानी आहे.

मला मात्र याहून जास्त काळजी आहे ती तळाच्या संघांची, कारण वरच्या संघाचं या खोट्या हिशेबानं फारसं बिघडत नाही. बुडणाऱ्या संघाचं बिघडतं. त्याला आपण बुडतो आहोत हे वेळेवर कळत नाही. २००९-१० मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सची नोंद होती ३८-३३-११. पहिले दोन आकडे शेजारी ठेवले की पाचनं पुढे असलेला बरा संघ दिसतो. प्रत्यक्षात त्यांनी ३८ सामने जिंकले होते आणि ४४ हरले होते. समालोचक अशा संघाला बिनदिक्कत 'पाचशेच्या वर' म्हणतात, म्हणजे निम्म्याहून जास्त जिंकणारा. वर्तमानपत्रं तसंच छापतात. चाहते ते ऐकून मनाची समजूत घालतात. त्या वर्षी रेंजर्स शेवटच्या दिवशी फ्लायर्सशी शूटआउटमध्ये हरले, ८८ विरुद्ध ८७ असे बाहेर पडले, आणि तेव्हा कुठे लोकांनी हिशेब मांडून पाहिला.

बफेलोत हे मी जवळून पाहिलं आहे. २०११ नंतर २०२५ पर्यंत सलग १४ हंगाम सेबर्स प्लेऑफमध्ये गेले नाहीत. लीगच्या इतिहासात इतका मोठा दुष्काळ दुसऱ्या कुठल्या संघानं पाहिलेला नाही. त्या काळात प्रशिक्षक बदलले, सरव्यवस्थापक बदलले, कर्णधार बदलले. २०२१ च्या त्या हंगामात सेबर्स १५-३४-७ अशा नोंदीनं लीगमध्ये शेवटचे आले, ड्राफ्टच्या सोडतीत पहिला क्रमांक मिळाला आणि त्यांनी मिसिसागाचा ओवेन पॉवर निवडला. माझ्या नागपूरकर मित्राचं गणित जुळलं. मिसिसागाच्या आमच्या मराठी ओळखीपाळखीत महिनाभर त्या मुलाचंच नाव होतं. पण नुसत्या निवडीनं संघ उभा राहत नाही. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुन्हा सलग १३ सामने विजयाविना गेले, नोंद ०-१०-३. पुन्हा तेच तीन गुण. प्रत्येक वेळी मॅच संपल्यावर त्याच ओळी कानावर आल्या, आम्ही सामन्यात होतो, एक गुण आणला, आता पुढच्या सामन्याकडे बघू.

सामन्यात होतो हे खरंही असेल. खेळाडू लढतात याबद्दल मला जराही शंका नाही; अठरा सामने हरूनसुद्धा दर दुसऱ्या रात्री बर्फावर उतरणाऱ्या माणसांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण तो गुण त्यांना नाही, त्यांच्या वरच्यांना उपयोगी पडतो. निर्णय पुढे ढकलायला निमित्त मिळतं. दवाखान्यात ताप मोजायचा आणि दर वेळी अर्धा अंश कमी लिहायचा, तसं हे आहे. ताप उतरलेला नसतो, फक्त औषध उशिरा सुरू होतं.

याउलट तो गुण निरुपयोगी झाला की काय होतं हे १६ एप्रिल २०२४ च्या रात्री साऱ्यांनी पाहिलं. फ्लायर्स आणि वॉशिंग्टन कॅपिटल्स, तिसरं सत्र, १-१. फ्लायर्सना प्लेऑफची आशा ठेवायची तर साठ मिनिटांतच जिंकणं भाग होतं, एका गुणानं काहीच होणार नव्हतं. त्यांनी तीनेक मिनिटं उरली असताना बरोबरीतच आपला गोलरक्षक बाहेर बोलावला आणि त्याच्या जागी सहावा खेळाडू उतरवला. एरवी मागे पडलेला संघच हे करतो. टी. जे. ओशीनं रिकाम्या जाळ्यात पक सारला आणि वॉशिंग्टन २-१ जिंकलं. फ्लायर्स हरले. पण ती शेवटची मिनिटं कुणी वेळ काढत नव्हतं. जिंकायलाच हवं असलं की संघ असे खेळतात, आणि त्यासाठीच आपण तिकिटाचे पैसे मोजतो.

त्याच रात्रीचा दुसरा धागा माझ्या मुद्द्याला अधिक बळ देतो. डेट्रॉइट रेड विंग्जही त्याच जागेसाठी झुंजत होते. ते मॉन्ट्रियलला शूटआउटमध्ये हरवून ९१ गुणांवर आले. वॉशिंग्टनचेही ९१. वॉशिंग्टन आत गेलं, कारण गुण सारखे झाले तर साठ मिनिटांत मिळवलेले विजय मोजतात, आणि ते वॉशिंग्टनचे ३२ होते, डेट्रॉइटचे २७. म्हणजे साठ मिनिटांतला विजय हाच खरा, हे लीगलाही मान्य आहे! फक्त ते त्यांनी तळटीपेत ठेवलं आहे. तीन गुणांच्या पद्धतीनं तोच तक्ता मांडला तर वॉशिंग्टनचे १२३ होतात आणि डेट्रॉइटचे ११८. डेट्रॉइटच्या चाहत्यांना आपण बरोबरीत असून दुर्दैवानं बाहेर पडलो असं वाटत राहिलं. पाच गुणांचं अंतर समोर दिसलं असतं तर मन मोडलं असतं, पण कारण कळलं असतं.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या जागतिक स्पर्धांत तीन-दोन-एक-शून्य हीच पद्धत आहे. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या महिलांच्या व्यावसायिक लीगनं, पीडब्ल्यूएचएलनं, पहिल्या दिवसापासून तीच घेतली. लेकीला मी टोरोंटोच्या संघाची मॅच बघायला नेलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. तक्त्यात चार खाने बघून तिनं दोन मिनिटांत पद्धत ओळखली आणि म्हणाली, "हे बरोबर आहे. उशिरा जिंकलं तर थोडं कमी, उशिरा हरलं तर थोडं जास्त." तिला नियम समजावून सांगावा लागला नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला तर यात नवीन काहीच वाटू नये. रणजी करंडकात निर्णायक विजयाला सहा गुण आहेत. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातल्या आघाडीला तीन आणि पिछाडीला एक. पूर्ण विजय वेगळा, अर्धा विजय वेगळा, आणि आघाडी घेणाऱ्यालाही सांगितलेलं असतं की बाबा रे, पूर्ण जिंकला असतास तर दुप्पट मिळाले असते. प्रो कबड्डीत अनेक वर्षं सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्या संघाला एक गुण मिळत असे. तो खेळातल्या फरकावर होता, घड्याळावर नव्हता, आणि जिंकणाऱ्याला पाच मिळत असल्यानं त्याचं वजनही थोडं होतं. तरीसुद्धा २०२५ च्या हंगामात तो काढून टाकून विजयाला दोन, पराभवाला शून्य असा साधा हिशेब आणला. इंग्लंडच्या फुटबॉल लीगनं १९८१ मध्ये विजयाचे दोन गुण तीनवर नेले ते संघांनी बरोबरीत समाधान मानू नये म्हणूनच.

याविरुद्ध जे बोललं जातं त्यातल्या एका मुद्द्याचा मी खरोखर मान राखते. तीन विरुद्ध तीन हा वेगळाच खेळ आहे. एवढ्या मोकळ्या बर्फावर सहा जण असतात. ज्याच्याकडे पक तो पुढे जाऊन गोलवर मारण्याऐवजी वळून आपल्याच भागात येतो, खेळाडू बदलून घेतो, पुन्हा फिरून जातो, आणि समोरच्याची एक चूक झाली की दोन विरुद्ध एक असा धावत सुटतो. पाच-पाच खेळाडूंनी तासभर खेळलेल्या हॉकीचा निकाल अशा एका घसरण्यावर लागावा आणि हरणाऱ्याला शून्य मिळावं, हे मलाही पटत नाही. शूटआउटबद्दल तर बोलायलाच नको. म्हणून तो एक गुण काढा असं मी म्हणत नाही. तो राहू द्या. जादा वेळेतला विजय साठ मिनिटांतल्या विजयाच्या पंगतीत बसवला आहे, तो तेवढा खाली घ्या.

दुसरा मुद्दा लीगचा स्वतःचा आहे. सध्याच्या पद्धतीमुळे तक्ता दाटीवाटीचा राहतो, मार्च-एप्रिलपर्यंत बहुतेक संघांना आशा असते, त्यामुळे स्टेडियम भरतात. आशा राहते हे खरं. पण ती चाहत्यांनी आपल्या पैशानं आणि वेळेनं विकत घेतलेली आशा आहे, आणि तिच्यात भेसळ आहे. शिवाय पिछाडी भरून काढणंही या पद्धतीत अवघड जातं. चार गुणांनी मागे असलेला संघ जीव तोडून जिंकतो, आणि पुढचा संघ जादा वेळेत हरून एक गुण घेऊन जातो. अंतर दोननं कमी व्हायला हवं तिथे एकनं होतं. तीन गुणांच्या पद्धतीत आठवडाभर नीट खेळणारा संघ खरोखर वर सरकू शकतो. जिवंत शर्यत हवी असेल तर ती तिथे आहे.

विक्रमांचं म्हणाल तर ते केव्हाच मोडून झाले. मॉन्ट्रियलनं १९७६-७७ मध्ये ८० सामन्यांत १३२ गुण केले ते ६० विजय आणि १२ बरोबऱ्यांच्या जोरावर. बोस्टनच्या १३५ मध्ये बरोबरी एकही नाही, जादा वेळेतले पाच पराभव आहेत. यांची तुलना आज तरी कुठे होते? २०२६-२७ पासून हंगामच ८२ ऐवजी ८४ सामन्यांचा होतो आहे. जुनी वही बंद होणारच आहे, तर नव्या वहीत हिशेब नव्या मापानं लिहायला याहून चांगली वेळ नाही.

धुळवडीच्या त्या सामन्यानंतर दोनच दिवसांनी, ३१ मार्चला, सेबर्स आणि फ्लायर्स पुन्हा बफेलोतच भेटले. सेबर्स ६-१ नं जिंकले. साठ मिनिटांत, निर्विवाद, अठरा सामन्यांनंतर. लेक सोफ्यावर उभी राहून ओरडली. मित्राचा फोन आला तेव्हा तो ड्राफ्टबद्दल एक शब्द बोलला नाही, नुसता हसत होता, आणि मागे त्याच्या घरात कुणीतरी भांडं वाजवत होतं. फोर्ट एरीच्या सहकाऱ्यांनी सकाळी कॉलवर संघाचा निळा शर्ट घातला होता आणि त्या दिवशी कुणीही कुणाशी वाद घातला नाही.

त्या विजयाचे बफेलोला दोन गुण मिळाले. सोमवारी जादा वेळेतल्या एका गोलवर फिलाडेल्फियाला मिळाले होते, तेवढेच.